क्वालालंपूरची स्वस्ताई: आपल्या वाट्याला किती?

कुचाईकरीण

नमस्कार मंडळी. दर महिन्या-दोन महिन्यांनी इथे कोणी ना कोणी विचारतं, "केएलला ऑफर आलीय, इतक्या रिंगिटमध्ये भागेल का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकच धागा काढते. केएल म्हणजे क्वालालंपूर, मलेशियाची राजधानी, इथे पूर्ण नाव कोणी घेत नाही. रिंगिट म्हणजे इथलं चलन. आम्ही तिघं, पुण्याहून आलेलो. नोकरी नवऱ्याची, मुलगी पाच वर्षांची, मी डिपेंडंट पासवर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या परवान्यावर. त्या पासवर थेट नोकरी करता येत नाही, त्यामुळे घरखर्चाची वही माझ्याकडे.

मलेशिया स्वस्त आहे हे खरंच आहे. पण त्या स्वस्ताईचे दोन वेगळे भाग आहेत आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ ते एकाच टोपलीत टाकून मोकळे होतात. पहिला भाग बाजारातला: घरभाडं, बाहेरचं साधं खाणं, इंटरनेट, मेट्रोचं तिकीट. हा सगळ्यांना सारखा. दुसरा भाग सरकारी सवलतींचा, आणि तो नागरिकांसाठी आहे. आपण त्यात बसत नाही.

पेट्रोलचंच घ्या. पूर्वी रॉन-९५ पेट्रोल पंपावर येईल त्याला २.०५ रिंगिट लिटर मिळायचं. सप्टेंबर २०२५च्या अखेरीला पद्धत बदलली. नागरिकाने ओळखपत्र लावलं की १.९९, बाकीच्यांना बाजारभाव, सुरुवातीला तो २.६० होता. मेट्रो-बसचा 'माय-५०' पास ऐकलाच असेल, ५० रिंगिटमध्ये ३० दिवस कितीही फिरा. तोही नागरिकांनाच. दुकानात एक किलो पाम तेलाची साधी पिशवी अडीच रिंगिटला दिसते, ते अनुदानाचं तेल, तेही त्यांच्यासाठी. सरकारी दवाखान्यात त्यांना एक रिंगिटमध्ये तपासतात, आपल्याला साध्या तपासणीचे ४० आणि तज्ज्ञ डॉक्टरचे १२० लागतात. यात मला काही गैर वाटत नाही, त्यांचा देश, त्यांची तिजोरी. फक्त स्थानिक सहकारी म्हणाला "आमचं चार हजारांत आरामात भागतं", तर त्याचा हिशेब आपल्याला लावू नका. त्याचं घर बहुतेक वडिलांच्या नावावर असतं, ते आणखी वेगळंच.

गॅस सिलिंडर मात्र आम्हालाही ठरलेल्या भावात मिळतो, १४ किलोचा २६.६०. घरपोच हवा असेल तर आणणारा पोरगा वर दोन-चार रिंगिट घेतो आणि रेग्युलेटर लावून देतो.

आता आमचं. कुचाई लामा भागात, मेट्रोच्या पुत्रजया लाइनजवळ, तीन बेडरूमचं घर, भाडं २,१००. खाली पोहण्याचा तलाव, जिम, चोवीस तास वॉचमन. इथे जवळपास प्रत्येक कॉन्डोत हे असतंच, त्याचा गर्व करू नये. असंच घर मॉन्ट कियारा भागात घ्यायला गेलात तर चार हजारांच्या पुढे, कारण तिथे कोरियन, जपानी, युरोपियन लोक कंपनीच्या पैशाने राहतात. चेरास, सेतापाक, पुचोंग इकडे पंधराशे ते दोन हजारांत चांगली घरं मिळतात. विजेचं बिल सगळं एसीवर अवलंबून. आम्ही रात्री एकाच खोलीत लावतो, दीडशे-पावणेदोनशे येतं. पाणी जवळजवळ फुकट म्हणावं इतकं. किराणा, भाजी, दूध मिळून बाराशे. बाहेरचं खाणं चारशे-पाचशे. प्रवास साडेतीनशे, त्यातला मोठा भाग ग्रॅब टॅक्सीचा, कारण संध्याकाळी पाचला आभाळ फाटतं आणि त्याच वेळी ग्रॅबचं भाडं दुप्पट होतं.

मुलीची बालवाडी ९०० रिंगिट. पुढच्या वर्षी पहिलीला घालायचं आहे आणि त्याचे आकडे बघून सध्या आमच्या घरात शांतता आहे. त्याबद्दल खाली कोणी विचारलं तर लिहीन.

रुपयांत बघायचं तर रिंगिटला साधारण बावीस धरा. पण दुकानात उभं राहून बाविसाने गुणत बसू नका, पहिल्याच आठवड्यात उपास घडतील.

---

निशाचर_९

ताई, धागा वाचनखुणेत साठवला. नेमका माझाच प्रश्न. ऑफर ९,००० रिंगिटची आहे, सप्टेंबरमध्ये जॉइनिंग. बायको आणि आठ वर्षांचा मुलगा दोघं बरोबर येणार. एचआर म्हणते, "कर कमी आहे, चिंता नको." माझ्या हिशेबाने महिना तीन हजार सहज मागे पडावेत. बरोबर आहे का?

---

कुचाईकरीण

@निशाचर_९, एचआरला विचारा की पहिले सहा महिने कर कोणत्या दराने कापणार. बाकी सगळं नंतर.

इथे कॅलेंडर वर्षात १८२ दिवस राहिलात तर तुम्ही करासाठी रहिवासी. नाही तर अनिवासी, आणि अनिवासीला सरसकट ३० टक्के. ना स्लॅब, ना वजावट. ९,००० वर ते झाले २,७००. रहिवासी झालात तर स्वतःची ९,००० ची वजावट, कमावती नसलेल्या बायकोची ४,०००, मुलाची २,०००, असं सगळं धरून तुमच्या पगारावर महिन्याला सातशेच्या आत कर बसतो. फरक बघा, महिना दोन हजार. म्हणजे अख्खं घरभाडं!

सप्टेंबरमध्ये आलात तर त्या वर्षात १८२ दिवस होणंच शक्य नाही. बऱ्याच कंपन्या सुरुवातीला डोळे झाकून ३० टक्के कापतात. पुढच्या वर्षी तुमचा मुक्काम सलग चालू राहिला तर दोन वर्षांचा काळ जोडून पहिल्या वर्षीही रहिवासी धरण्याची सोय कायद्यात आहे, आणि विवरणपत्र भरल्यावर जादा कापलेले पैसे परत येतात. पण ते पुढल्या वर्षी. तोवर घर चालवायचं ते उरलेल्या पैशांत. तारीख तुमच्या हातात असेल तर जानेवारीत या, किंवा निदान जूनअखेर.

शिवाय ऑक्टोबर २०२५पासून परदेशी नोकरदारांच्या पगारातून २ टक्के ईपीएफ कापतात, तेवढेच कंपनी घालते. तो पैसा तुमचाच आहे, पण आज हातात नाही. थोडक्यात, सुरुवातीला हातात ६,१०० च्या आसपास येतील. तीन हजार मागे टाकायचे तर तुम्हा तिघांना तीन हजारांत राहावं लागेल, आणि त्यात शाळा बसत नाही.

---

सदाशिवपेठी

म्हणजे एकूण पुण्यात दोन लाख पगार असलेला माणूस तिथे जाऊन दोन लाखांतच राहणार, वर तीस टक्के कर देणार, आणि जिलबीला मोताद होणार. मग गेलातच कशाला? बाणेरला दोन बेडरूमला चाळीस हजार भाडं आम्हीही देतो.

---

कुचाईकरीण

@सदाशिवपेठी काका, आलातच आहात तर सांगते. चाळीस हजारांत बाणेरला काय मिळतं ते मला ठाऊक आहे, तिथूनच आले. टँकरचे वेगळे पैसे आणि रोजचे दीड तास ट्रॅफिकमध्ये, तेही हिशेबात धरा की. इथे नवरा सव्वासहाला घरात असतो. आणि जिलबी मिळते हो, ब्रिकफिल्ड्सला, म्हणजे केएलच्या भारतीय वस्तीत. चव तमिळ वळणाची आहे इतकंच.

---

एकटा_जीव

बॅचलरांसाठी दोन शब्द. मी पेटालिंग जायात एका घरातली एक खोली घेऊन राहतो, ७५० रिंगिट, वीज-पाणी-वायफाय त्यातच. घरात एक चिनी जोडपं आणि एक नायजेरियन विद्यार्थी आहे. स्वयंपाकघर वापरायला परवानगी, पण 'लाइट कुकिंग'. म्हणजे मॅगी चालेल, फोडणी चालणार नाही. खोली बघायला जाल तेव्हा हे आधी विचारा, नाहीतर तेल-मोहरीचा डबा कपाटात पडून राहील.

मी घरी करतच नाही. मामाक झिंदाबाद. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची हॉटेलं, बरीचशी चोवीस तास उघडी. रोटी चनाई (पराठ्यासारखी रोटी) दीड-दोन रिंगिट, तेह तारिक (दुधाचा फेसाळ चहा) दोन-अडीच. दुपारी भात आणि दोन-तीन भाज्या-कालवणं, आपण वाढून घ्यायचं, काउंटरवरचा माणूस ताटाकडे एक नजर टाकतो आणि आकडा सांगतो. सात ते दहाच्या मध्ये काहीतरी. तो कशावरून ठरवतो हे आजवर मला कळलेलं नाही. तेच ताट, तोच माणूस, सोमवारी साडेसात आणि गुरुवारी नऊ. माशाचा तुकडा घेतला की मात्र हमखास बाराच्या पुढे.

खोली, खाणं, मेट्रो, फोन धरून दोन हजारांत माझा महिना निघतो. मित्रांबरोबर बिअर प्यायला बसलो तर अडीच-पावणेतीन. दारूवर इथे जबरी कर आहे. पिणाऱ्यांनी 'स्वस्त देश' हे डोक्यातून काढून टाकावं.

---

तूपलोणी

शाकाहारी माणसांचं काय? मी अंडंही खात नाही.

---

एकटा_जीव

@तूपलोणी, ब्रिकफिल्ड्स आणि मस्जिद इंडिया भागात शुद्ध शाकाहारी दक्षिणी हॉटेलं आहेत. केळीच्या पानावर भात, तीन भाज्या, सांबार, रस्सम, पापड, आणि वाढणारा भात मागाल तेवढा देतो. चिनी बौद्ध शाकाहारी दुकानंही भरपूर, तिथे कांदा-लसूणसुद्धा नसतं. धोका सांबालचा. दिसायला आपली लाल मिरचीची चटणी, पण तिच्यात बलाचान म्हणजे आंबवलेली कोळंबी असते. भाजी 'नुसती पालेभाजी' म्हणून घ्याल तर तीही बरेचदा त्यातच परतलेली. मागताना "बलाचान नको" हे स्पष्ट सांगा.

---

कुचाईकरीण

+१. आणि मॉलमधल्या हॉटेलात मेन्यूवरची किंमत अंतिम समजू नका. तळाला बारीक अक्षरात '++' असतं. १० टक्के सर्व्हिस चार्ज, ६ टक्के सेवाकर. शंभराचं खाल्लं की एकशेसोळा. मामाकला हे झंझट नाही.

---

बांगडाफ्राय

कोकणातल्या मंडळींनो, इकडे या, मी सांगतो. बाकीचे पोळ्या-पनीरची रडगाणी गाऊ देत.

रविवारी सकाळी सात वाजता चौ किटचा बाजार. आत शिरलात की पायाखाली पाणी, बर्फाचे खोके, आणि कोळणी नाहीत, सगळे बापे. पण आरडाओरडा तोच. कम्बोंग म्हणजे आपला बांगडा. तेंग्गिरी म्हणजे सुरमई. बावाल पुतिह म्हणजे पांढरा पापलेट, तो इथेही महागच. बांगडा पंधराच्या आसपास किलो, दिवस बघून दोन-तीन रिंगिट खाली-वर. समुद्र खवळला की भाव चढतात, चिनी नववर्षाच्या आठवड्यात तर कोळंबीला हात लावायचा नाही. माशाचे कल्ले उघडून बघू देतात, साफ करून देण्याचे पैसे घेत नाहीत. सुरमईचे तुकडे मात्र इथे जाड करतात. बोटाने दाखवायचं, "निपिस, निपिस". मग आपल्याला हवे तसे पातळ पडतात.

पुढच्याच गल्लीत यंत्रावर ताजं खोबरं किसून मिळतं, पाहिजे तर दूध काढून. विळीवर बसायची गरज नाही. कोकम मिळत नाही, पण 'आसम केपिंग' नावाच्या वाळलेल्या आंबट चकत्या मिळतात, कोकमाच्याच कुळातलं फळ आहे. तिखल्याला एक चकती पुरते. आमच्या आईला पाठवलेला फोटो बघून ती म्हणाली, रंग येत नाही रे. रंग येत नाही हे खरं.

महिन्याचं मासळीचं बजेट दोनशे रिंगिट. त्यात आठवड्यातून तीन दिवस मासे. मुंबईत दादरला एवढ्या पैशांत किती दिवस खाल ते तुम्हीच सांगा.

---

कुचाईकरीण

@बांगडाफ्राय, तोंडाला पाणी सुटलं. किराण्याचं मी पूर्ण करते.

महाग काय पडतं? दूध (ताजं लिटरला आठच्या आसपास), दही, पनीर, चांगलं तूप, बासमती. स्थानिक पांढरा तांदूळ १० किलोला २६ रिंगिट, सरकारने बांधलेला भाव, पण तो कायम शेल्फवर असतोच असं नाही. कणीक, डाळी, पोहे, साबुदाणा, कढीपत्ता, कोथिंबीर सगळं मिळतं. गोडा मसाला, भाजणी आणि ज्वारीचं पीठ मी पुण्याहून आणते. भाजी मॉलमध्ये घेऊ नका. आठवड्याचा रात्रीचा बाजार, पसार मालाम, प्रत्येक भागात भरतो. रात्री नऊनंतर भेंडी-वांगी-पालेभाजीचे ढीग दोन-तीन रिंगिटवर येतात.

कांदा. इथला बराच कांदा भारतातून येतो, म्हणजे आपल्या लासलगाव-पिंपळगावकडचा. डिसेंबर २०२३मध्ये दिल्लीने निर्यात बंद केली तेव्हा इथल्या दुकानात भारतीय कांदा महाग झाला आणि पाकिस्तानी, चिनी, हॉलंडचा असे कांदे पुढे आले. नाशिकची माझी नणंद फोनवर म्हणत होती कांदा मातीमोल झाला, आणि मी इथे दोन-दोन कांदे मोजून घेत होते. मे २०२४मध्ये बंदी उठली, निर्यातशुल्क मात्र एप्रिल २०२५पर्यंत चालूच होतं.

---

रुपयावाला_बाप

एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटतोय. तुम्ही रिंगिट कमावता आणि रिंगिट खर्चता. माझी मुलगी सुबांग जायाला शिकते, मी कोल्हापुरातून पैसे पाठवतो. २०२४च्या सुरुवातीला रिंगिट घसरला होता, डॉलरला ४.८०, सव्वीस वर्षांतला नीचांक. तेव्हा मला एक रिंगिट साडेसतराच्या आत पडत होता. आज बाविसाच्या आसपास. तिकडे काही महाग झालं नाही, मुलगी तेच खाते, त्याच खोलीत राहते. तिला महिना दोन हजार लागतात. तेव्हा ३५ हजार पाठवत होतो, आता ४४. फी वेगळी. 'मलेशिया स्वस्त' म्हणून पोरांना पाठवणाऱ्यांनी हे गणित फीच्या पूर्ण मुदतीसाठी मांडावं, पहिल्या वर्षाच्या दराने नाही.

---

निशाचर_९

@रुपयावाला_बाप काका, म्हणजे माझ्यासाठी उलटं चांगलं ना? पगार रिंगिटमध्ये, गृहकर्ज पुण्यात रुपयात.

---

रुपयावाला_बाप

हो, आज चांगलं. पण वरखाली दोन्हीकडे होतं. कर्जाचा हप्ता आजच्या दराने बसवू नका, एकोणीस धरून बसतो का बघा.

---

पेनांगचा_पाहुणा

केएल म्हणजे मलेशिया नव्हे! मी बायान लेपासला आहे, पेनांग बेटावर. सेमीकंडक्टरचे कारखाने इथे आहेत, पुण्या-नाशिकचे बरेच इंजिनिअर दिसतात. समुद्र दिसणारं तीन बेडरूमचं घर १,६००ला. रस्त्यावरचं खाणं केएलपेक्षा स्वस्त आणि पेनांगकर म्हणतील चवीलाही वरचढ, त्यात मी पडत नाही.

गोम अशी की इथे मेट्रो नाही, एलआरटीचं (हलक्या मेट्रोचं) काम चालू आहे. बस आहेत, पण ऑफिसच्या वेळा आणि बसच्या वेळा यांचं जमत नाही. गाडी घ्यावी लागते आणि इथे सेकंडहँड गाड्यांचे भाव ऐकून धक्का बसतो. जुनी पेरोदुआ मायव्हीसुद्धा किंमत सोडत नाही. परदेशी माणसाला बँक कर्ज देते, पण आधी भरायची रक्कम जास्त मागते आणि मुदत तुमच्या व्हिसाइतकीच. तर भाड्यात वाचलेले पाचशे गाडीत जातात. संसार असेल तर पेनांग, एकटे असाल तर केएल, असं माझं मत.

---

निशाचर_९

शाळेबद्दल कोणी बोलेना. मुलगा तिसरीत आहे, सीबीएसई.

---

कुचाईकरीण

मीच टाळत होते. बसून लिहायला हवं होतं.

सरकारी शाळा बहुतेक मलय माध्यमाच्या, परदेशी मुलांना प्रवेश कठीण, आणि तिसरीतल्या मुलाला एकदम भाषा बदलणंही अवघड. म्हणून सगळे इंटरनॅशनल शाळांकडे वळतात. वर्षाला वीस हजार रिंगिटपासून सुरुवात, आणि लाखाच्या वर जाणाऱ्याही आहेत. भारतीय अभ्यासक्रमाची शाळाही आहे. वर्षाची फी ६० हजारांच्या पुढे गेली की जुलै २०२५पासून ६ टक्के सेवाकर लागतो, म्हणजे मधल्या शाळांत त्याची झळ नाही. पण प्रवेश शुल्क, डिपॉझिट, गणवेश, बस, पुस्तकं, दर सत्राची 'रिसोर्स फी' हे सगळं वेगळं. मी शाळांना फोन केले तेव्हा जाहिरातीतली फी आणि पहिल्या वर्षी प्रत्यक्ष भरायची रक्कम यांत सहा-सात हजारांचा फरक निघाला.

तुमच्या पगारात महिन्याला दोन हजार शाळेचे धरा. भाडं दोन हजार. खाणं-पिणं-प्रवास दोन-अडीच हजार. पहिल्या वर्षी हातात ६,१००. म्हणून म्हणते, शाळेची निदान निम्मी फी कंपनीकडून मागून घ्या. पगार वाढवून मागण्यापेक्षा हे पटकन मिळतं असा इथल्या चार ओळखीच्यांचा अनुभव. नाहीच मिळालं तर मुलाचं वर्ष पुण्यात पूर्ण करून मग कुटुंब आणा. आणि पासाची श्रेणी पगारावर ठरते, तेव्हा बायको-मुलाचा डिपेंडंट पास मिळणार हे कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी नको.

---

अर्धा_डबा

घराच्या डिपॉझिटबद्दल सांगा ना. एजंटने 'टू प्लस हाफ' म्हटलं, मला कळलंच नाही आणि विचारायची लाज वाटली.

---

एकटा_जीव

दोन महिन्यांचं सुरक्षा डिपॉझिट, अर्ध्या महिन्याचं वीज-पाण्याचं, शिवाय पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. २,०००च्या घराला किल्ली हातात पडेपर्यंत ७,००० गेले, वर करारनाम्याची स्टँप ड्यूटी. एजंटची दलाली बहुतेक वेळा मालक देतो.

---

तळेगावकर_परतले

आणि जातानाचं ऐका. मी गेल्या वर्षी परतलो. नोकरी सोडताना कंपनी कर खात्याला सीपी-२१ फॉर्म भरून कळवते आणि खात्याकडून मोकळीक येईपर्यंत तुमचा शेवटचा पगार रोखून ठेवते. कायद्यानेच तसं आहे. माझं सामान गेलं, घर सोडलं, आणि शेवटचे सहा आठवडे आम्ही साठवलेल्यावर काढले. घरमालकाने डिपॉझिटमधून भिंती रंगवण्याचे आणि एसी सर्व्हिसिंगचे असे मिळून जवळपास एका महिन्याचं भाडं कापलं. एसीची पावती माझ्याकडे होती म्हणून तेवढे परत मिळाले, भिंतींचे गेले. आत शिरताना प्रत्येक खोलीचा, प्रत्येक नळाचा, तारखेसह व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या.

---

डॉक्टरीण_बाई

आजारपणाचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. कोपऱ्यावरच्या खासगी क्लिनिकला जा, डॉक्टर तपासून तिथेच औषधंही देतो, साध्या तापाचे साठ-ऐंशी रिंगिट होतात. ते परवडतं. खासगी हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ आली की आकडे एकदम बदलतात, आणि जुलै २०२५पासून परदेशी रुग्णाच्या खासगी उपचारांवर ६ टक्के सेवाकरही लागतो. कंपनीचा विमा कुटुंबाला आहे का, बाळंतपणाला आहे का, दाताला आहे का, हे सही करण्याआधी विचारा. बहुतेक ठिकाणी दात नसतातच.

---

सदाशिवपेठी

तीस टक्के, टू प्लस हाफ, सीपी-२१. आणि म्हणे स्वस्त देश.

---

बांगडाफ्राय

काका, तिकडून टायपत बसण्यापेक्षा या एकदा. भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत तीस दिवस व्हिसाशिवाय येता येतं, मुंबईहून थेट विमान आहे. चौ किटला नेतो. बांगडा माझ्याकडून.

---

सदाशिवपेठी

मी माळकरी आहे.

---

एकटा_जीव

मग केळीच्या पानावरचा भात माझ्याकडून.

---

निशाचर_९

@बांगडाफ्राय, हे चांगलं सुचवलंत. जॉइनिंगआधी आम्हीच दहा दिवस येऊन घरं आणि शाळा बघून जातो. एचआरला काल मेल केला. तारीख जानेवारीवर न्यायला तयार आहेत, शाळेचं विचारून सांगते म्हणाली. आणि हो, बायको विचारतेय की मिक्सर, कुकर, इंडक्शन आणायचं का?

---

कुचाईकरीण

जानेवारी म्हणजे उत्तम. कुकर आणा, आणि त्याची रिंग, शिट्टी दोन-दोन जास्तीच्या आणा. मिक्सर आणा, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो, तो इथे बदलून घ्या. इंडक्शन नको, बऱ्याच घरांत आधीच असतं. पोळपाट-लाटणं आणा. घरं बघायला याल तेव्हा व्यनि (खासगी निरोप) करा, कुचाई लामातली दोन रिकामी घरं मला माहीत आहेत. एकाचा ओटा फारच अरुंद आहे, ते वहिनींना दाखवूनच ठरवा.